सावरीचं जावळ

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कोणत्याही गोष्टीवर ती तीनदा धुऊन वाळत घातल्याशिवाय विश्वास ठेवला नाही. यात कापड आलं, माणसं आली, सरकारं आली आणि ओघानं मीही आलो. बायकोचे मामा म्हणजे खरं तर लांबून नमस्कार करायचे गृहस्थ. नवरीला बोहल्यावर आणायचं, पंगतीत जिलबीचा आग्रह करायचा आणि पुढच्या कार्यापर्यंत दिसायचं नाही, एवढंच त्यांचं काम. माझ्या वाट्याला आलेल्या मामांनी नवरीला अंतरपाटापलीकडे उभं केलं आणि वळसा घालून माझ्या बाजूला येऊन माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली. अंगठ्यानं दोनदा घासली. मंगलाष्टकं चालू होती, भटजींचा सूर टिपेला पोचला होता आणि मामा माझ्या थोरल्या भावाला शांतपणे सांगत होते की, दुकानदारानं टेरिवूल म्हणून दिलंय खरं, पण यात वूल नावालाच आहे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं हे मला पहिल्याच धुलाईला कळलं, पण तोवर लग्न लागून गेलं होतं.

मामा मुंबईच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेला प्रत्येक ताका तिथल्या टेबलावरून सरकत जायचा आणि मामा त्यातला दोष हेरायचे. तुटलेला धागा, गाठ, डाग, विरळ पट्टा. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांची नजर माणसाच्या चेहऱ्यावर ठरायचीच नाही, ती कॉलरवर ठरायची. खिशात धागे मोजायचं एक घडीचं भिंग असायचं. ते त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरच्या गणवेशाला लावलेलं मी पाहिलंय, दाताच्या डॉक्टरच्या डगल्याला लावलेलं पाहिलंय आणि सत्यनारायणाच्या पोथीचा तिसरा अध्याय चालू असताना गुरुजींच्या सोवळ्याला लावलेलंही पाहिलंय. पनवेलच्या बाजारात एकदा मामींसाठी झंपराचं कापड घ्यायला गेलो, तर मामांनी कडेचा एक धागा उसवला, काडी ओढून तो जाळला आणि राख हुंगली. सुती धागा कसा जळतो आणि भेसळीच्या धाग्याची कशी गाठ होते हे ते दुकानदाराला समजावत होते, आणि दुकानदार ते समजून न घेता पाण्याची बादली शोधत होता. नवा सदरा घरी आला की तीनदा धुतल्याशिवाय अंगावर चढायचा नाही. त्यामुळे दिवाळीचा सदरा साधारण संक्रांतीला दिसायचा आणि तोवर तो जुना झालेला असायचा. "नवं कापड खोटं बोलतं, जावईबापू," ते म्हणायचे. "विणण्याआधी धाग्याला खळ लावतात ना, ती बोलत असते. खळ निघून गेली की मग कापड खरं बोलायला लागतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की, झोपेत कुणी विचारलं तरी सांगेन.

गिरणी बंद पडल्यावर त्यांना पनवेलला आणायची कल्पना माझी. माझ्या आयुष्यातल्या दोन मोठ्या चुकांपैकी ही एक. आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर खालचा ब्लॉक रिकामा होता आणि बायको म्हणाली, मामा-मामी जवळ असतील तर बरं. दुसरी चूक म्हणजे मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. तिला चूक म्हणणंही अन्यायाचं आहे, कारण मी काहीच केलं नव्हतं. वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाचा विषय निघताच सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं, आणि मी दिवसभर तळोज्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळून दमून आलेलो असल्यामुळे मान खाली घालायला मला थोडा उशीर झाला. तेव्हापासून टाकीत पाणी नसलं तर माझी बेल वाजते आणि टाकी वाहायला लागली तरी माझीच वाजते. कंपनीच्या बसमधून उतरून घराकडे येताना इमारत दिसली की माझे पाय जड होतात, ते आजतागायत.

मामी मात्र पनवेलला आल्या त्या गप्पच झाल्या. हे मला जरा उशिरा कळलं. लालबागच्या चाळीत त्यांचा आवाज गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. भांडण असो, बारसं असो, नळावरचा नंबर असो, मामींच्या मताशिवाय काही पुढे सरकत नसे. इथे प्रत्येकाचं दार बंद. दाराला साखळी, साखळीमागे एक डोळा. मामी पहिले काही दिवस वाटीभर काहीबाही घेऊन शेजारी गेल्या, वाट्या धुऊन परत आल्या, बोलणं काही आलं नाही. मग त्या खिडकीत बसायला लागल्या. चहा घ्याल का विचारलं तर मान हलवायच्या. दोन वर्षं, तीन वर्षं. मामा याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलले नाहीत, पण त्यांनी घरात रेडिओ आणला, तुळस आणली, शिलाई मशीन आणलं. मामी प्रत्येक गोष्टीकडे बघायच्या आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायच्या. शेवटी मामा एका रविवारी मला म्हणाले, चला, जरा मोऱ्याला जाऊन येऊ.

मोरा बंदरात धक्क्याजवळ त्यांचा गिरणीतला एक जुना सोबती राहायचा. त्याच्या पामेरियन कुत्रीला चार पिल्लं झाली होती. पिल्लं म्हणजे पिंजलेल्या कापसाचे चार बोळेच. कुणीही माणूस त्यातलं सगळ्यात गुबगुबीत उचलून घरी आला असता. मामांनी चौघांना उन्हात ओळीनं बसवलं, भिंग काढलं आणि तपासणी सुरू केली, ती जेवणाची पानं वाढली तरी संपली नाही. पाठीवरचे केस बघून उपयोग नाही, ही सगळी खळ आहे, असं ते मला सांगत होते. मोठेपणी जो रंग येणार तो आताच कानामागे दिसतो. त्यांनी शेवटी निवडलं ते सगळ्यात मळकट दिसणारं, कानामागे बिस्किटी रंगाचं. सोबत्याच्या बायकोनं निघताना एकच गोष्ट बजावली. "मामा, पाच म्हैन्यांनी हिचं क्यास जातील. पार उंदरावानी दिसंल. तवा घाबरू नका. तुमी काय पन करू नका, निस्ते थांबा. आमची बी अशीच झाली होती." मामांना हे फारच पटलं. जी गोष्ट धुतल्यावर उतरते आणि मग खरी होते, अशी त्यांच्या आयुष्यातली ती पहिली सजीव वस्तू असावी. एस.टी.नं आम्ही पिल्लू कापडी पिशवीतून आणलं. पिशवीतून येणारा आवाज मी खोकण्यात दडवत होतो आणि पनवेल येईपर्यंत माझा घसा खरंच बसला.

मामींनी तिचं नाव सावरी ठेवलं. त्या पोरीनं पहिल्या आठवड्यात मामांची एक चप्पल, रेडिओची वायर आणि तुळशीची अर्धी माती खाल्ली. एका सकाळी मी कामावर निघालो तर मामा जिन्यात, स्वतःच्याच दाराबाहेर उभे. मला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. आत मामी सावरीला रागावत होत्या. चांगल्या सविस्तर, लालबागच्या जुन्या पद्धतीनं, तिच्या सात पिढ्यांसकट. मामा डोळे मिटून ऐकत होते. माझी बस चुकली, पण मलाही तिथून हलवेना. त्या दिवसापासून मामी संध्याकाळी सावरीला घेऊन वडाळे तळ्यापर्यंत जायला लागल्या. वाटेत पोरं जमायची, पोरांमागून आया यायच्या, आणि कुत्रीबद्दल का होईना, मामी त्यांच्याशी दोन शब्द बोलायच्या. त्या पिल्लाचं आमच्या घरातलं खरं काम हे होतं. ते मला ठाऊक होतं, मामांना ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही फक्त केसांबद्दल बोलत होतो.

श्रावणात केस गेले. आधी तोंडावरचे, मग पायांवरचे, मग पाठीवरचे झुपकेच्या झुपके. कापसाच्या बोळ्यातून लांब नाकाचं, काटकुळ्या पायांचं, मोठ्या कानांचं एक काहीतरी बाहेर आलं, ज्याला काल मांडीवर घेणारी पोरं आज बघताच जिना चढून पळायची. मामा खूश होते. केस जमतील तसे ते कागदाच्या पुडीत घालून ठेवत आणि पुडीवर वार लिहीत. आमची इमारत खूश नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंचा लेखी अर्ज आला, की सदर कुत्रीस खरूज झाली असून ती लहान मुलांना होण्याचा संभव आहे. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्या मुलाला मागच्या पावसाळ्यात नायटा झाला होता आणि तो जाता जाता त्यांचं वर्ष गेलं होतं. मी मामांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या दारात एक बैल आणि दोन म्हशी उभ्या होत्या. त्यांनी सावरीला उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, रोगबिग काही नाही, पिल्लाचे केस जातात, मोठेपणीचे येतात, पूर्ण भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, थांबा. औषध नसल्यामुळे त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही, आणि चिठ्ठी नसल्यामुळे सोसायटीत कुणी विश्वास ठेवला नाही. ज्या डॉक्टरनं साधी गोळीही दिली नाही त्याला काय कळणार, असं सर्वांचं मत पडलं. गच्चीवर सभा झाली आणि ठराव झाला की, दिवाळीपर्यंत कुत्रीला केस यावेत, न आल्यास तिला इमारतीबाहेर पाठवावं. हा ठराव माझ्याच अक्षरात आहे. कुत्रीला केस यावेत असा ठराव एकमतानं मंजूर करणारी आमची सोसायटी महाराष्ट्रात एकटीच असावी.

गणपती गेले, गौरी गेल्या, सावरीचे केस काही भरून येईनात. मामी पुन्हा खिडकीत बसायला लागल्या, या वेळी मांडीवर सावरीला घट्ट धरून. आणि एके दिवशी इमारतीतल्या बायकांपैकी कुणीतरी तो उपाय काढला, जो काढल्यावर सगळ्यांना वाटलं की अरे, हे आधी कसं सुचलं नाही. आपण मुलांचं काय करतो? पहिले केस विरळ असतात म्हणून जावळ काढतो. जावळ काढलं की दाट केस येतात. मग हिचंही जावळ काढा. मीही मान डोलावली. मला सल्ला बरोबर वाटला म्हणून नव्हे. मला फक्त तो अर्ज फायलीतून संपवायचा होता. मामा मात्र नाही म्हणाले. डॉक्टर थांबा म्हणाले, मोऱ्याची बाई थांबा म्हणाली, धुणं अर्ध्यात असताना कापडाला कात्री लावत नाहीत, असं त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं आणि मला चार वेळा समजावलं. मग मामींनी सांगितलं. पनवेलला आल्यापासून त्यांनी नवऱ्याकडे काहीच मागितलं नव्हतं, मीठसुद्धा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "काढा हो जावळ. नाहीतर नेतील तिला." मामांनी भिंग घडी करून खिशात ठेवलं.

जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं. अख्खी इमारत त्यांना मामाच म्हणत असल्यामुळे मांडी कुणाची हा प्रश्नच आला नाही. गच्चीवर पाट मांडला, मामींनी सावरीला कुंकू लावलं, ते तिनं चाटायचा प्रयत्न केला. टपाल नाक्याजवळचा न्हावी यायलाच तयार नव्हता, कारण कुत्र्याला लावलेलं मशीन तो उद्या गिऱ्हाइकाच्या मानेला कसा लावणार. शेवटी तो घरातलं एक जुनं, गंजलेलं मशीन घेऊन आला. मामा पाटावर बसले, सावरी त्यांच्या मांडीवर. न्हाव्यानं मानेपासून सुरुवात करून शेपटीपर्यंत एक पट्टा सरळ काढला. बायकांनी अक्षता टाकल्या. मामा खाली पडलेले केस उचलून सवयीनं भिंगाखाली धरून बघत होते, आणि बघता बघता त्यांनी दुसऱ्या हातानं न्हाव्याचं मनगट धरलं. बस, म्हणाले. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. त्या केसांत दोन जातीचे धागे होते. एक आखूड, मऊ, दाट. एक लांब, ताठ, जरा खरखरीत. जुनी लव एकाच जातीची होती. "हे आत अस्तर येत होतं," मामा हळू आवाजात म्हणाले. "आणि हा वरचा केस. दोन्ही येत होते." नव्या केसांचं शेपटीपर्यंत कापलेलं ते पीक त्यांच्या धोतरावर पडलं होतं. त्यांनी ते पुडीत घातलं नाही, वारही लिहिला नाही.

पुढे जे झालं त्याला आमची कुणाची मदत लागली नाही. सावरीचे केस नुसते आले. गळ्याभोवती झालर आली, मांड्यांच्या मागे झुबके आले, शेपटी पाठीवर वळून पसरली. आतली मऊ लव वरच्या ताठ केसाला आधार देत होती, त्यामुळे केस अंगावर न पडता उभा राहायचा. रंग बिस्किटी, कानामागे होता तोच. फक्त मानेपासून शेपटीपर्यंत दोन बोटं रुंदीचा तो पट्टा तसाच राहिला, गुलाबी, उघडा. शेजारचे केस वाढत गेले तसा तो जास्तच दिसायला लागला. मामा रोज सकाळी त्या पट्ट्यावर खोबरेल चोळायचे. नवा सदरा त्या दिवाळीला त्यांनी शिवलाच नाही. मी दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी विषय बदलला, आणि माणसांच्या कॉलरकडे बघणंही त्या दिवसांत त्यांनी सोडलं होतं, हे मला फार जड गेलं.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी सभा भरली. मामी सावरीला घेऊन मागे बसल्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी कुत्रीला लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या की, बाकी अंगाबद्दल त्यांची हरकत नाही, पण पाठीवरचा तो पट्टा रोगाचाच आहे आणि ठराव ठराव असतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. आठवडाभराच्या कामानंतर माझ्या डोक्यात एकच विचार होता की, हे कसंही करून संपावं. तेव्हा मामा उठले. तीस वर्षं दुसऱ्यांचे दोष टेबलावर उघडे करणारा तो माणूस, आवाज न चढवता म्हणाला, "तो रोग नाही. ती माझी चूक आहे. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही. माल चांगला होता, खराब मी केला. कुत्रीला शिक्षा करू नका." मामींचा विषय त्यांनी काढला नाही. मामी मान खाली घालून सावरीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग त्या पहिल्या मजल्यावरच्या बाईच म्हणाल्या की, तसं असेल तर राहू दे, फक्त जिन्यातले केस रोज झाडा. मी ते सगळं वृत्तांतात लिहून घेतलं, मामांचं वाक्य शब्द न बदलता.

पुढच्या वैशाखात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बाराव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, मग सगळे आपापल्या गावी गेले, आणि मामी खिडकीत जाऊन बसल्या. आम्ही बोलायचो, त्या मान हलवायच्या. सावरीला तळ्यापर्यंत माझी बायको नेऊ लागली. दोन महिने खालच्या ब्लॉकमधून आवाज म्हणून आला नाही आणि मला भीती वाटायची की, मामांनी इतक्या खटपटीनं जे परत मिळवलं होतं ते त्यांच्याबरोबरच गेलं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही. रोज कामावरून येताना त्यांच्या दारापाशी जरा रेंगाळायचो आणि वर जायचो.

श्रावणात वार्षिक सभा झाली. मामी येतील असं वाटलं नव्हतं, पण त्या आल्या, सावरीला घेऊन. सावरी आता दीड वर्षाची, भरगच्च. त्या पट्ट्यावर दोन्हीकडचे केस कलून आले होते आणि मुद्दाम बोट घालून पाहिल्याशिवाय तो सापडला नसता. रीतीप्रमाणे मी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला घेतला. वाचायची माझी एक पद्धत आहे, इतक्या भराभर की कुणाला काही कळू नये. मामांच्या वाक्यापाशी आलो आणि भराभर वाचता येईना. कसंबसं वाचलं. वृत्तांतात कुणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे का, असं शेवटी म्हणायचं असतं, म्हणून म्हणालो आणि पान उलटलं. इतक्या वर्षांत कुणी दुरुस्ती सुचवलेली नाही.

मामींनी हात वर केला. "दुरुस्ती आहे," त्या म्हणाल्या. "चूक त्यांची नव्हती. ते नकोच म्हणत होते. मी हट्ट केला म्हणून काढलं. तसं लिहा."

सभेत जे बोललं गेलं तेवढंच वृत्तांतात येतं, खरं काय होतं ते लिहायची त्यात सोय नाही. नियमानं मी हे मामींना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मामांचं वाक्य होतं तिथंच ठेवलं आणि त्याखाली मामींचं लिहिलं. नवरा म्हणतोय चूक माझी, बायको म्हणतेय चूक माझी, असं आमच्या वहीत एका पानावर एकाखाली एक आहे, आणि ते सर्वानुमते कायम झालेलं आहे. त्यानंतर पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, आणि मामी त्यावरही बोलल्या.